साहेबांना दिलेलं पाणी

माय, आपल्या वस्तीच्या बोअरचं पाणी गेलं. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर आधी हेच विचारलं असतंस. लेकरं कशी आहेत, मी एकटी कशी राहते, हे सगळं मागून. दारात पाऊल टाकल्या टाकल्या तुझं ठरलेलं, ‘पानी हाय का गं?’ तू गेलीस तेव्हा माझी लेक पाळण्यात होती, आता तिच्या घरात पाळणा हलतोय. एवढ्या वर्षांत तुला चार ओळी लिहाव्यात असं कधी मनात आलं नाही. तुला अक्षर लागत नव्हतं हेही मला ठाऊक आहे. तरी लिहून राहिले. बोलायला माणसं लई आहेत, पण हे कुणाला सांगितलं तर ते मला समजावतील, आणि मला समजावून घ्यायचं नाही.

लग्न करून मी कंधारला गेले ते तू पाहिलंस. पुढे ह्यांच्या नोकरीपायी आम्ही नांदेडला राहिलो. गोदावरीकाठचं शहर ते. तिथं शेजारीण नळ चालू ठेवून भांडी घासायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा. शेवटी एक दिवस मीच जाऊन तिचा नळ बंद केला, तर ती म्हणाली, ‘लातूरच्या ना तुम्ही?’ हे गेल्यावर मी परत लातूरला आले. वस्तीत नाही, वरच्या अंगाला, मोठ्या कॉलनीत. तिथं डॉक्टर व्हायला गावोगावच्या पोरी शिकायला येतात, त्यांची मेस चालवते. एका बंगल्याचा खालचा मजला भाड्यानं घेतलाय. माझी भाकरी तुझ्यासारखी फुगत नाही, पण पोरी नावं ठेवत नाहीत. नावं ठेवली तर ऐकूनही घेत नाही मी, तेवढं तोंड तू मला दिलंयस.

तर या कॉलनीच्या मागं मोठं मैदान पडून होतं. तिथं डाटा सेंटर येणार अशी बातमी आली. डाटा सेंटर म्हणजे काय ते तुला कसं सांगू? तुझ्या डाळ मिलच्या मागं गोदाम होतं ना, थप्पीवर थप्पी लावलेलं, तसंच हे गोदाम समज. फक्त यात पोती नसतात. लोकांचे फोटो, बोलणं, पैशांचे व्यवहार, पोरींचे परीक्षेचे अर्ज, असं सगळं यंत्रांत भरून ठेवतात. ती यंत्रं रात्रंदिवस चालतात, तापतात, आणि त्यांना गार ठेवायला पाणी लागतं. लई पाणी. तू म्हणशील, गोदामाला कशाला तहान लागावी? मलाही तेच वाटलं होतं. पण लागते गं. माणसापेक्षा जास्त लागते.

कॉलनी पेटून उठली. पेटून म्हणजे आपल्यासारखी आरडाओरडा करून नव्हे, गच्चीवर खुर्च्या मांडून. डॉक्टर, वकील, क्लासचे मालक, सगळे जमले. चहा-नाश्ता माझ्याकडून गेला म्हणून मीही तिथंच कठड्याला टेकून ऐकत होते. यंत्रांचा आवाज, जनरेटरचा धूर, बंगल्यांच्या किमती, सगळं निघालं. मग वकीलसाहेब म्हणाले, आपल्या हातात खरा मुद्दा एकच, पाणी. पाहणीला अधिकारी येतील त्या दिवशी बागेचे नळ बंद. टँकर फाटकापाशी उभा करून ठेवायचा. कुणी त्यांना घरात बोलवायचं नाही, चहा नाही, सरबत नाही. आणि पाणी मागितलं तर नाही म्हणायचं. ‘एक घोटसुद्धा द्यायचा नाही. तुम्ही गारेगार पाणी पाजाल आणि ते लिहून नेतील की यांना काही कमी नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. समोर टेबलावर पाण्याच्या बाटल्या घाम फुटून उभ्या होत्या.

आणि माय, अगदी तसंच केलं त्यांनी. अधिकारी उन्हात फाटकापाशी ताटकळले. त्यातल्या एकानं पाणी मागितलं तर डॉक्टरीणबाई हात जोडून म्हणाल्या, ‘साहेब, आम्हीच टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसलोय हो.’ बाई वाईट नाहीत. माझ्या गुडघ्याचं औषध फुकट देतात. पण बोलताना त्यांचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. थोड्या महिन्यांत कळलं की डाटा सेंटर आता इथं होणार नाही. कॉलनीत पेढे वाटले. माझ्या मेसमधल्या पोरींनाही मिळाले. मीही खाल्ला, आणि गोड लागला.

मग धाकट्याचा फोन आला. तुझा धाकटा आता आजोबा झालाय, पण घाबरला की अजून तसाच बोलतो, एका श्वासात. म्हणाला, ‘अक्का, ते आपल्याकडं आलेत. गायरानावर. बोअरच्या पल्याडच खुंट्या मारून राहिलेत.’ पेढ्याची चव तोंडात पुन्हा आली, आणि ती आता बरी लागेना. ते गेले म्हणजे कुठंतरी गेलेच असणार, एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कॉलनीत तर कुणाच्याच आलं नव्हतं.

तू गेलीस तेव्हा वस्तीत बोअर नव्हता. रेल्वेनं शहराला पाणी आणलं त्या वर्षानंतर सगळ्यांनी मिळून, कुणी हातउसनं घेऊन, कुणी डोरलं मोडून, तो बोअर पाडला. साऱ्या वस्तीचा जीव त्या एका भोकात आहे. म्हणून वस्तीनं ठरवलं की विरोध करायचा. कंपनीचा माणूस येऊन पोरांना नोकऱ्या देतो म्हणाला, तरी करायचा. आणि सगळ्या बाया मला घेऊन आपल्या ओट्यावर बसल्या. ‘तुमच्या कॉलनीनं त्यांना कसं हाकललं ते सांग,’ म्हणाल्या.

मी सांगितलं. घागरी रिकाम्या करून रस्त्यावर मांडा. टँकर दाखवा. आणि पाणी मागितलं तर द्यायचं नाही. सगळं पटापट मान्य झालं, फक्त शेवटच्या बोलण्यावर बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. मग मावशी बोलली. मावशी म्हणजे तीच गं, तुझ्याबरोबर डाळ मिलला जायची ती, दोघी येताना डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्या होऊन यायच्या. वाकून पार अर्धी झाली होती, पण आवाज तोच. ‘मागितलं तर?’ म्हणाली. म्हटलं, ‘न्हाई म्हणायचं.’ ‘आन् पुन्यांदा मागितलं तर?’ म्हटलं, ‘मावशी, पुन्यांदाबी न्हाईच.’ ती माझ्याकडं बघत राहिली. ‘आगं बया, हे काय बोलून राहिलीस तू? तुज्या मायनं ऐकलं असतं तर?’ बाया हसल्या. मीही हसले. पण मला तो दिवस आठवला, तिलाही तोच आठवला असणार.

मी परकरी पोर आहे. तू आत चुलीपाशी बसलीयस, तव्यावर भाकरी आहे, आणि दारात मिलचा मुकादम येऊन उभा आहे. उद्यापासून कामाला यायचं नाही असं सांगायला आलाय. का, तर तू बायांच्या वतीनं तोंड उघडलंस, धूळ बसून खोकला येतो, तोंडाला बांधायला फडकी द्या म्हणालीस. तो निरोप सांगतो, कपाळाचा घाम पुसतो आणि मला म्हणतो, ‘पोरी, पाणी दे गं जरा.’ मी म्हणते, ‘पाणी न्हाई.’ भिंतीला रांजण भरलेला आहे, त्याला दिसून राहिलाय. तो वळतो. तेवढ्यात तू बाहेर येतेस. तुझे हात पिठाचे आहेत. मला वाटतं शाबासकी देशील. तू मला मारत नाहीस, ओरडतसुद्धा नाहीस. तांब्या भरतेस, माझ्या हातात देतेस, दुसऱ्या हातावर गुळाचा खडा ठेवतेस आणि एवढंच म्हणतेस, ‘जा. पळ.’ तो नाल्यावरच्या पुलापर्यंत पोचलेला. मी धावत गेले, निम्मं पाणी अंगावर सांडलं. तो तिथंच उकिडवा बसून प्याला, तांब्या परत दिला, गूळ तोंडात टाकला आणि गेला. तुला त्या हंगामात काम मिळालं नाही ते नाहीच. आपण गुरांना घालायची डाळीची चुणी शिजवून खाल्ली. मी परत आले तेव्हा तू म्हणालीस, ‘त्यो कामाचा मुकादम हाय. पान्याचा न्हाई.’ मला तेव्हा काही कळलं नव्हतं. राग मात्र लई आला होता, तुझाच.

तोच तांब्या तू मला लग्नात दिलास. पितळी, एका बाजूला पोचा आलेला. सासूबाई म्हणाल्या, नवा घ्यायचा होता विहिणीनं. मी तो कंधारला नेला, नांदेडला नेला, आणि लातूरला परत आले तेव्हा धाकट्याच्या ओट्यावर घागरीपाशी आणून ठेवला. कॉलनीत सगळे बाटलीनं पितात. त्याचं तिथं काय काम?

पाहणीच्या दिवशी मी मेसला सुट्टी देऊन सकाळीच वस्तीत गेले. वैशाखातलं ऊन, डांबर चपलेला चिकटत होतं. बायांनी घागरींची रांग अशी लावली होती की बघत राहावं. अधिकारी आले, कंपनीचा माणूस आला, बाया बोलल्या. अगं, काय बोलल्या म्हणून सांगू! ज्या कधी नवऱ्यासमोर मान वर करत नाहीत त्या साहेबाला म्हणाल्या, ‘तुमच्या यंत्राला गार ठेवता, आन् आमच्या लेकरांनी काय करायचं?’ साहेब ऐकून घेत होते. माझी छाती फुगली. वाटलं, जमलं. मोठे साहेब वयस्कर होते. वस्तीच्या टोकापर्यंत पायी फिरले आणि परत येताना आपल्या ओट्यावर टेकले. चेहरा लालबुंद झालेला, ओठ पांढरे. त्यांनी काही मागितलं नाही, माय. मागितलं असतं तर कदाचित बायांनी नाही म्हटलंही असतं. नुसते टेकले, चष्मा काढला आणि डोळे मिटून घेतले.

कुणी हललं नाही. भावजय माझ्याकडं बघत होती, मी मान हलवून नाही म्हटलं. आणि मावशी उठली. भिंतीला धरून धरून आत गेली. तांब्या घेऊन आली, तुझा तांब्या, आणि तळहातावर गूळ. ‘घ्या साहेब,’ म्हणाली, ‘आदी गूळ खावा, मग प्या. उन्हाचं एकदम पिऊ नये.’ साहेबांनी डोळे उघडले, दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि गटागटा प्याले. झालं. बांध फुटल्यासारखं झालं. समोरचीनं साहेबांच्या गाडीच्या चालकाला पाणी नेऊन दिलं. पलीकडची कंपनीच्या माणसाला म्हणते, ‘माठातलं हाय दादा, गार हाय, घ्या.’ एकीनं घरात होतं नव्हतं ते लिंबू पिळून सरबत केलं. संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी झाकून ठेवलेलं पाणी, पोरांच्या आंघोळीचं राखून ठेवलेलं पाणी, सगळं दारोदारी बाहेर आलं. कंपनीचा माणूस एका हातानं पीत होता आणि दुसऱ्या हातानं मोबाईलवर फोटो काढत होता. बाया पदर सावरून फोटोला उभ्या राहिल्या.

मी ओरडायला पाहिजे होतं. वकीलसाहेबांचं बोलणं माझ्या कानात वाजत होतं. पण खरं सांगते, मला रडू फुटलं आणि ते दुःखाचं नव्हतं. मला वाटलं, ह्या सगळ्या तूच आहेस. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि दारादारातून तूच बाहेर येऊन राहिलीस.

सुनावणीला वस्तीतले सगळे गेले होते. पाहणीत काय दिसलं ते वाचून दाखवलं. वस्तीत पिण्याच्या पाण्याची उपलब्धता समाधानकारक, पाहणीच्या वेळी घरोघरी थंड पाणी आढळले. सोबत फोटो होते. धाकटा उभा राहिला. सभेत बोलायची सवय नाही त्याला, टोपी हातात घेऊन म्हणाला, ‘साहेब, ते आमचं प्यायचं पानी होतं. तुमी पाव्हने म्हनून दिलं.’ मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी हसलं. वयस्कर साहेब तिथंच बसले होते. त्यांनी मान खाली घालून चष्मा पुसला. मी त्यांच्याकडं डोळे फाडून बघत होते. वाटलं, हा माणूस आता उठेल. तांब्याभर पाण्याला जागेल. नाही उठला गं.

आता तिथं भिंत आहे, उंच, पांढरी, वर तारा. आत दिवसरात्र घूं घूं आवाज चालतो. पोरं म्हणतात सवय होते. कंपनी सांगते की आम्ही आमचं पाणी दुसरीकडून आणतो, तुमच्या बोअरशी आमचा संबंध नाही. असेलही. पण भिंतीच्या आत त्यांनीही बोअर घेतले ते वस्तीनं डोळ्यांनी पाहिलंय, आणि पुढच्या उन्हाळ्यात आपल्या बोअरनं आधी गढूळ पाणी दिलं, मग फुसफुस वारा, मग काहीच नाही. नोकऱ्या मिळाल्या त्या झाडलोटीच्या, दोघातिघांना. टँकर येतो, मनाला येईल तेव्हा. आला की बाया अशा धावतात की एकमेकींच्या अंगावर पडतात. परवा दोघींची डोकी फुटली. फोटोला पदर सावरून शेजारी शेजारी उभ्या राहिलेल्या, त्याच दोघी.

मावशीनं तो धक्का घेतला. कुणी तिला एक शब्द बोललं नाही, आणि तेच तिला सोसलं नाही. मी गेले की हात धरायची. ‘माजं चुकलं का गं?’ मी म्हणायची, ‘न्हाई मावशी.’ पुढच्या वेळी पुन्हा तेच. शेवटी शेवटी माणसं ओळखेनाशी झाली, पण हे विचारायचं तिनं सोडलं नाही. या उन्हाळ्यात गेली. जाताना तोंडात पाणी घालायला घरात थेंब नव्हता, टँकर आला नव्हता. मी मेसमधून पाण्याचा जार रिक्षात टाकून नेला. आयुष्यभर दुसऱ्याला पाणी पाजलेली बाई, तिच्या तोंडात शेवटचा घोट कॉलनीतल्या प्लॅस्टिकच्या जारचा गेला. दोन दिवसांनी डॉक्टरीणबाई डबा न्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘बरं झालं ना हो, ते डाटा सेंटर आपल्याकडून टळलं. पाण्याचे हाल झाले असते.’ त्यांच्या कॉलनीनं केलं ते चूक होतं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? मेसचा नळ तर त्याच कॉलनीतला. मी त्यांचा डबा भरला, वर झाकण लावलं आणि हातात दिला.

तुझ्यावर मी लई रागावले होते. रोज भाकऱ्या थापता थापता तुझ्याशी भांडत होते. तूच शिकवलंस हे सगळ्यांना. तू नसतं शिकवलंस तर वस्तीनंही कॉलनीसारखं तोंड कोरडं करून नाही म्हटलं असतं, आणि आज बोअर भरलेला असता. मग वाटायचं, तसं म्हटलं असतं तर ती आपली वस्ती राहिली असती का? मला याचं उत्तर सापडत नाही. तुला सापडलं असतं, आणि तू ते दोन शब्दांत सांगून पुन्हा भाकरी उलटायला वळली असतीस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या रविवारी मी वस्तीत गेले होते. टँकर नुकताच येऊन गेला होता, अंगण ओलं होतं. भावजय आत होती, मी ओट्यावर बसले होते. डाटा सेंटरच्या फाटकावरचा वॉचमन आला. पिकल्या मिशांचा, माझ्याच वयाचा माणूस, इस्लापूरकडचा आहे, पोटापायी इथं येऊन खोली करून राहतो. कंत्राटी आहे, त्याला आत जायची परवानगी नाही, दिवसभर उन्हात स्टुलावर बसून असतो. हातात रिकामी बाटली होती. म्हणाला, ‘बाई, पाणी मिळंल का जरा? आमची पाण्याची गाडी आज आलीच न्हाई.’

मी म्हटलं, ‘पाणी न्हाई.’

‘बरं,’ म्हणाला आणि वळला. त्याच्या पाठीवर शर्ट घामानं चिकटला होता. आत भावजयीच्या हातातलं लाटणं थांबलं ते मला ऐकू आलं, पण ती बाहेर आली नाही. तो नाल्याच्या पुलापर्यंत सावकाश गेला, तिथं जरा थांबला, मग फाटकाकडं गेला. मी त्याला शेवटपर्यंत बघितलं. पळत गेले असते तर पुलावरच गाठलं असतं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. घडी करून तुझ्या तांब्याखाली ठेवीन म्हटलं होतं, पण तिथं ठेवायची हिंमत होत नाही, पिठाच्या डब्यामागं ठेवते. घागर काठोकाठ भरलेली होती, माय. तांब्या माझ्या हाताशी होता.